ओव्हरक्लॉक काढायचा कसा आणि प्रोसेसरचा खरा वेग बघायचा कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात उन्हाळा तापायला लागला की "गेम चालू केला की पीसी आपोआप बंद पडतो", "रेंडरला लावला की हँग होतो" अशा तक्रारी ऐकू येऊ लागतात. त्यातले बरेच पीसी सेकंडहँड असतात. शिक्षण संपवून गावी किंवा परदेशी निघालेल्या कुणीतरी रूम सोडताना ते विकलेले असतात, आणि आधीच्या मालकाने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) काय करून ठेवलंय याचा नव्या मालकाला पत्ता नसतो. बऱ्याचदा तो ओव्हरक्लॉक असतो, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला असतो. हे पान त्यांच्यासाठी आहे. ज्यांनी हौसेने स्वतःच ओव्हरक्लॉक केला आणि आता तो काढायचाय, त्यांनाही ते उपयोगी पडेल.

बायोस डिफॉल्टवर नेणं हे निम्मं काम आहे. प्रोसेसरचे सगळे कोअर (त्यातले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) कामाला जुंपलेले असताना मोजलेला वेग कंपनीने सांगितलेल्या वेगाशी जुळला, की उरलेलं निम्मं झालं. लोक हे दुसरं निम्मं सोडून देतात, म्हणून खाली त्यावर जास्त लिहिलं आहे.

माझा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेला आहे हे कसं ओळखू?

प्रोसेसरचा वेग म्हणजे बस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. आजकालच्या बहुतेक पीसींमध्ये बस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असतो, त्यामुळे मल्टिप्लायर ४३ असेल तर वेग ४३०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४.३ गिगाहर्ट्झ.

आधी आपल्या मॉडेलचे कंपनीने दिलेले आकडे शोधा. उदाहरणार्थ, इंटेल कोअर आय७-८७००के चा मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ आहे. एकाच कोअरवर भार असेल तर तो टर्बोमध्ये (कंपनीनेच ठरवलेल्या वाढीव वेगात) ४.७ पर्यंत जातो, पण सहाही कोअर कामाला लागले की ४.३ वर थांबतो. तुमच्याकडे सहाही कोअर एकदम ४.८ दाखवत असतील, तर कुणीतरी हात घातलेला आहे. ४.७ दाखवत असतील तरीही तेच. खोक्यावर ४.७ लिहिलंय म्हणून तो वेग सगळ्या कोअरचा समजू नका.

एएमडी रायझनवर आणखी एक सोपी खूण असते. रायझन ५ ३६०० चा मूळ वेग ३.६ आणि बूस्ट (एएमडीचा टर्बो) ४.२ आहे. मल्टिप्लायर हाताने बसवलेला असेल तर टास्क मॅनेजरमधला 'बेस स्पीड' हाच आकडा बऱ्याचदा बदललेला दिसतो, ३.६ च्या जागी ४.१ वगैरे.

पीसी नुसता पडून असतानाही वेग तसूभर खाली येत नाही, ही खूण मात्र एकटी पुरेशी नाही. विंडोजचा पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर असला तरी तसंच दिसतं.

बायोसला हात लावण्याआधी काय करून ठेवू?

तीन कामं आहेत. घाईत असलात तरी पहिलं सोडू नका.

बिटलॉकर म्हणजे ड्राइव्ह एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणारी विंडोजची सोय. त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा. विंडोज ११ च्या अनेक पीसींवर ड्राइव्ह आपसूक एन्क्रिप्ट झालेला असतो आणि मालकाला त्याची कल्पना नसते. बायोस रीसेट केल्यावर टीपीएम किंवा सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग बदलली, तर विंडोज सुरू होताना निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यावर साठवलेली असते. पण पीसी सेकंडहँड असेल आणि विंडोज नव्याने टाकलेलं नसेल, तर ती आधीच्या मालकाच्या खात्यावर असू शकते. की मिळाली नाही तर त्या ड्राइव्हवरचा डेटा गेला म्हणून समजा. म्हणून आधी सेटिंग्जमध्ये एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा, असेल तर की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरता सस्पेंड करा.

मग बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. बूट मोड, साटा मोड, फॅनची सेटिंग, व्हर्च्युअलायझेशन, सगळं टिपून ठेवा.

तिसरं म्हणजे विंडोजमधून ओव्हरक्लॉक करणारी सॉफ्टवेअर शोधा: इंटेलचं एक्स्ट्रीम ट्यूनिंग युटिलिटी, एएमडीचं रायझन मास्टर, मदरबोर्ड कंपनीचं स्वतःचं काहीतरी, थ्रॉटलस्टॉप. आधी त्याच सॉफ्टवेअरमध्ये जाऊन 'डिफॉल्ट' करा आणि मगच ते काढून टाका. ते तसंच राहिलं तर बायोस कितीही स्वच्छ केलात तरी विंडोज सुरू झाल्यावर जुने आकडे पुन्हा बसतात. "रीसेट केलं तरी जात नाही" म्हणणाऱ्यांनी सगळ्यात आधी हे तपासावं.

आता डिफॉल्टवर कसं न्यायचं?

पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, बायोस उघडेल. 'लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स' असा पर्याय शोधा. असूसच्या बोर्डवर त्याची कळ एफ५ असते, एमएसआयवर एफ६, गिगाबाइटवर एफ७ आणि एएसरॉकवर एफ९. मग एफ१० दाबून सेव्ह करा.

इथे थांबू नका. पीसी पूर्ण बंद करा, पुन्हा बायोसमध्ये जा आणि दोन गोष्टी डोळ्यांनी बघा.

इंटेलच्या बोर्डवर 'मल्टिकोअर एन्हान्समेंट' किंवा तत्सम नावाची सेटिंग असते. ती सगळ्या कोअरना एका कोअरचा टर्बो देऊन टाकते. बोर्ड कंपन्यांचं 'ऑटो' म्हणजे बंदच असेल असं नाही, त्यामुळे ती 'डिसेबल्ड' करा. सोबत पॉवर लिमिटचे आकडे बघा. तिथे ४०९५ वॅट असं काही दिसलं तर मर्यादा काढून टाकली आहे असा त्याचा अर्थ. ८७००के ची दीर्घकाळाची मर्यादा ९५ वॅट आहे.

एएमडीच्या बोर्डवर 'प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह' (बूस्टच्या मर्यादा वाढवणारी सेटिंग) बऱ्याचदा दोन ठिकाणी सापडतो, एकदा बोर्ड कंपनीच्या मेनूत आणि एकदा 'एएमडी ओव्हरक्लॉकिंग' या वेगळ्या पानात. दोन्हीकडे बघा. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगमध्ये) उणे आकडे राहिले असतील तर तेही शून्य करा.

पडदा काळाच आहे, बायोससुद्धा उघडत नाही. आता?

मग सीमॉस, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज साठवणारी मेमरी, हाताने साफ करायचा. पीसी बंद करून वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण पाचसात सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटचं झाकण उघडा आणि आतल्या कशालाही हात लावण्याआधी पत्र्याच्या उघड्या भागाला बोट टेकवा.

मदरबोर्डवर दोन उघड्या पिना शेजारीशेजारी असतात. असूसवर तिथे 'सीएलआरटीसी' असं छापलेलं असतं, गिगाबाइटवर 'सीएलआर सीमॉस', एमएसआयवर 'जेबॅट१'. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दोन्ही पिनांना एकदम टेकवून दहाएक सेकंद धरा. टॉर्च जवळ ठेवा, कारण अक्षरं फार बारीक असतात आणि शेजारच्या पिना फॅनच्या किंवा यूएसबीच्या असतात.

पिना सापडत नसतील तर गोल चपटा सेल काढा. तो बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाच्या खाली लपलेला असतो, त्यामुळे आधी कार्ड काढावं लागतं. सेलच्या कडेला छोटी पत्र्याची पकड असते, ती नखाने बाहेर ढकलली की सेल वर उडतो. सेल ओढून काढू नका, पकड तुटली तर पुन्हा बसत नाही. पाचदहा मिनिटांनी सेल परत बसवा, छापील बाजू वर ठेवून.

यानंतर पहिल्यांदा चालू केल्यावर पीसी एकदोनदा आपोआप बंद-चालू होईल आणि पडदा काळाच राहील. घाबरून बटण दाबू नका, बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. डीडीआर५ रॅम आणि एएमडीचा एएम५ बोर्ड असेल तर याला काही मिनिटंही लागतात.

सेल बदलावा का?

पीसी चारपाच वर्षांचा असेल तर बदलूनच टाका. सीआर२०३२, ३ व्होल्ट. पेठेतल्या कुठल्याही घड्याळाच्या दुकानात किंवा तपकीर गल्लीत मिळतो.

रीसेटनंतर भलतंच काहीतरी बिघडलं!

बहुधा बिघडलेलं काही नसतं, एखादी जुनी सेटिंग पुसली गेलेली असते. ब्राउझर सगळ्या साइट असुरक्षित म्हणतोय? तारीख मागे गेली आहे, ती दुरुस्त करा. डॉकर, व्हर्च्युअलबॉक्स किंवा अँड्रॉइडचा एम्युलेटर चालेना? व्हर्च्युअलायझेशन बंद झालं आहे. एएमडीवर त्याला 'एसव्हीएम' म्हणतात आणि ते अनेक बोर्डांवर मुळातच बंद असतं. हिंजवडीतली नोकरी घरून करणाऱ्यांना याचाच फटका जास्त बसतो. विंडोजच सुरू होत नसेल तर साटा मोड किंवा बूट मोड बदललाय का, हे मघाच्या फोटोंशी ताडून बघा.

एक्सएमपी चालू ठेवू की बंद?

तपासणी संपेपर्यंत बंद. एक्सएमपी किंवा एक्स्पो म्हणजे रॅमचा ओव्हरक्लॉकच. डिफॉल्टवर गेल्यावर ३२००ची डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २४०० वर आलेली दिसेल, ते बरोबर आहे. ८७००के चा मेमरी कंट्रोलर अधिकृतपणे २६६६ पर्यंतच आहे, त्यापुढचं सगळं बोनस. रॅमच्या चुकीमुळे आलेला क्रॅश आणि प्रोसेसरच्या चुकीमुळे आलेला क्रॅश दिसायला सारखेच असतात. दोन्ही एकदम चालू ठेवलेत तर दोष कुणाचा ते कळणार नाही. आधी प्रोसेसर निर्दोष ठरवा, मग एक्सएमपी खुशाल लावा.

खरा वेग नेमका कुठे बघायचा? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

दिसणारच, कारण प्रत्येक जण वेगळी गोष्ट सांगतो.

विंडोजच्या 'अबाउट' पानावर प्रोसेसरच्या नावातच जो वेग लिहिलेला असतो, तो कारखान्यात चिपमध्ये कोरलेल्या नावाचा भाग आहे. तो कधीच बदलत नाही. ओव्हरक्लॉक आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

टास्क मॅनेजर मूळ वेगाला कामगिरीच्या टक्केवारीने गुणून सगळ्या कोअरचा मिळून एकच आकडा दाखवतो. अंदाजाला ठीक आहे, निदानाला अपुरा आहे.

सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर एका कोअरचा त्या क्षणाचा मल्टिप्लायर आणि बस क्लॉक दाखवतं. बस क्लॉक १०० च्या जवळ आहे की कुणी १०३ करून ठेवलाय, हे बघायला उत्तम.

पण निवाडा करायचा तो एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. ते 'सेन्सर्स ओन्ली' पर्यायाने उघडा. तिथे प्रत्येक कोअरच्या दोन ओळी असतात, 'कोअर क्लॉक' आणि 'इफेक्टिव्ह क्लॉक'. पहिली म्हणजे त्या क्षणी टिपलेला मल्टिप्लायर गुणिले बस क्लॉक. दुसरी म्हणजे मधल्या वेळात कोअरने प्रत्यक्ष किती ठोके मारले त्याची मोजणी, आणि कोअर झोपलेला असेल तर तो वेळ शून्य धरून. रिक्षा धावते तेव्हा ताशी ४० ने धावते, पण स्वारगेट ते डेक्कन सिग्नलसकट सरासरी काढली तर आकडा कुठच्या कुठे खाली येतो. पहिली ओळ धावण्याचा वेग सांगते, दुसरी सिग्नलसकटची सरासरी.

म्हणून पीसी रिकामा असताना इफेक्टिव्ह क्लॉक ५० मेगाहर्ट्झ दिसला तरी काळजी नको. खरी कसोटी पूर्ण भाराखाली. तिथे कोअरला झोपायला वेळच नसतो, त्यामुळे दोन्ही ओळी जवळजवळ सारख्या हव्यात. कोअर क्लॉक ४२०० आणि इफेक्टिव्ह ३९०० अशी तफावत भाराखाली टिकून राहिली, तर प्रोसेसर आतल्या आत ठोके लांबवतोय. याला क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतात. रायझनवर व्होल्टेज फार कमी केलेलं असलं की हे होतं. वरवर वेग ४२०० दिसतो, काम मात्र ३९०० चंच होतं. अशा पीसीचा मालक आपला ओव्हरक्लॉक स्थिर आहे असं वर्षानुवर्षं समजत राहतो, आणि रीसेटनंतर सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या चाचणीचा स्कोअर वाढला की चकित होतो.

४३०० ऐवजी ४२९१ दाखवतोय. ९ कुठे गेले?

कुठेही नाही. बस क्लॉक काटेकोर १०० नसतो. स्प्रेड स्पेक्ट्रम नावाच्या सेटिंगमुळे तो ९९.८ च्या आसपास राहतो, आणि ९९.८ गुणिले ४३ म्हणजे ४२९१.

जुन्या पीसीवर बस क्लॉकशीच खेळ झाला असेल तर मात्र एक वेगळी काळजी घ्या. २०१३ मध्ये ओव्हरक्लॉकिंगच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या एचडब्ल्यूबॉटने विंडोज ८ वरचे निकाल स्वीकारणं थांबवलं होतं. विंडोज चालू असताना बस क्लॉक बदलला की पीसीचं घड्याळच चुकायचं आणि बेंचमार्कला आपण कमी वेळात काम संपवल्यासारखं वाटायचं. शंका आली तर बेंचमार्कचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा.

भार देऊन तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

सिनेबेंच आर२३ चा मल्टिकोअर टेस्ट लावा, तो मुळातच दहा मिनिटं चालतो. शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा आणि चार आकडे बघा: इफेक्टिव्ह क्लॉक, तापमान, पॅकेज पॉवर, आणि 'थर्मल थ्रॉटलिंग'च्या (तापल्यामुळे वेग कमी करण्याच्या) ओळीत 'येस' येतंय का.

पॉवर लिमिट नीट लागू असेल तर इंटेलवर सुरुवातीला वेग जास्त आणि थोड्या वेळाने कमी झालेला दिसेल. टर्बोची वाढीव वीज मोजक्या सेकंदांपुरतीच मिळते, ८७००के ला साधारण २८ सेकंद. त्यानंतर ९५ वॅटमध्ये जेवढा वेग बसेल तेवढा. हा उतार बघून "पीसी स्लो झाला" म्हणून पुन्हा मर्यादा काढू नका. रायझन ५ ३६०० वर हीच मर्यादा ८८ वॅट असते.

तापमानाबद्दल पुण्याचा हिशेब ध्यानात ठेवा. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा खाली नेऊ शकत नाही, दोहोंतला फरक तेवढा ठरावीक ठेवतो. डिसेंबरात खोली २० अंशांवर असताना प्रोसेसर ७२ वर असेल, तर एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या ३७ अंशांच्या खोलीत तोच ८९ वर जाणार. ८७००के १०० अंशांना स्वतःचा वेग कमी करतो, रायझन ५००० मालिकेतले बरेच प्रोसेसर ९० ला. हिवाळ्यात स्थिर ठरलेला ओव्हरक्लॉक उन्हाळ्यात कोसळतो तो यामुळे. तुमची तपासणी जमल्यास दुपारी तीनला करा, रात्री अकराला नको. आणि त्याआधी कूलरच्या पंखांमधली धूळ काढा. रस्त्याचं किंवा इमारतीचं काम घराजवळ चालू असेल तर ती सहा महिन्यांत वाकळीसारखी जमते.

लिनक्सवर?

टर्बोस्टॅट ही कमांड रूट म्हणून चालवा. एका रकान्यात कोअर जागा असतानाचा वेग येतो, दुसऱ्यात झोपेसकट सरासरी. वर सांगितलेला फरक तिथे जास्त स्वच्छ दिसतो.

माझा इंटेल १३व्या किंवा १४व्या पिढीचा आहे. मी तर ओव्हरक्लॉक केलाच नाही, तरी गेम क्रॅश होतात.

हा प्रश्न गांभीर्याने घ्या. या दोन पिढ्यांच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन चिपची झीज होते, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर, बायोस अपडेटमधून येतं) आला, त्याने व्होल्टेजची मागणी १.५५ व्होल्टवर रोखली. पुढच्याच महिन्यात ०एक्स१२बी आला. वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली.

त्यामुळे या पीसींसाठी क्रम उलटा: आधी बायोस अपडेट, मग डिफॉल्ट. जुन्या बायोसमधलं 'डिफॉल्ट' हे बोर्ड कंपनीचं होतं, इंटेलचं नव्हे. अपडेटनंतर 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' हा प्रोफाइल निवडा. मात्र झालेली झीज मायक्रोकोडने भरून निघत नाही. तरीही क्रॅश होत असेल तर बिल शोधा आणि वॉरंटीला द्या.

बायोस अपडेट गुरुवारी करू नका. पुण्यात वीज आणि पाण्याच्या देखभालीची कामं गुरुवारीच निघतात, आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. यूपीएस असेल तर उत्तम.

सगळं डिफॉल्टवर आहे, एक्सएमपीही बंद आहे, तरी हँग होतो.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरच्या 'सिस्टिम' नोंदींमध्ये 'व्हीआ-लॉगर' (WHEA-Logger) नावाच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी शोधा, विशेषतः १८ आणि १९ क्रमांकाच्या. डिफॉल्टवर त्या येत असतील तर प्रोसेसर, बोर्ड किंवा पॉवर सप्लाय यांपैकी काहीतरी खरंच कमजोर झालंय. वर्षानुवर्षं जास्त व्होल्टेजवर चाललेल्या चिपला पुढे मूळ वेगासाठीही जास्त व्होल्टेज लागू लागतं. अशा वेळी मल्टिप्लायर दोनेक पायऱ्या खाली आणून बघा. ४३ चा ४१ केल्यावर पीसी आठवडाभर निमूट चालला, तर निदान झालं. निकालाच्या तोंडावर प्रोजेक्ट अडकलेल्या विद्यार्थ्याला एवढ्यावर सत्र काढता येतं.

ओव्हरक्लॉक काढल्यावर पीसी किती हळू होईल?

बहुतेकांना जाणवणारही नाही. रायझनवर तर उलट होऊ शकतं. ३६०० चे सगळे कोअर ४.१ वर जखडलेले असतील तर एकटा कोअर ४.२ गाठूच शकत नाही. जखडण काढलं की ब्राउझर, एक्सेल अशी एकाच कोअरवर चालणारी कामं किंचित चपळ होतात. रेंडरिंग किंवा कंपायलिंग करणाऱ्यांना मात्र काही टक्क्यांचा फरक दिसेल, तो मान्य करायला हवा.

लॅपटॉपवर हे सगळं लागू आहे का?

फार थोडं. बहुतेक लॅपटॉपचा मल्टिप्लायर कुलूपबंद असतो. तिथे थ्रॉटलस्टॉपने केलेलं अंडरव्होल्टिंग (व्होल्टेज मुद्दाम कमी करणं) तेवढं शोधा आणि काढा. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट हा सुरक्षेचा दोष उघड झाल्यावर अनेक कंपन्यांनी बायोस अपडेटमधून तेही बंद केलं.

सेकंडहँड पीसी घ्यायला चाललोय. विकणाऱ्याच्या घरी काय तपासू?

पेन ड्राइव्हवर एचडब्ल्यूइन्फोची इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती, सीपीयू-झेड आणि सिनेबेंच घेऊन जा. त्याच्यासमोरच बायोस डिफॉल्टवर न्यायची परवानगी मागा. बिटलॉकरचं त्याला आधी सांगा, म्हणजे त्याचा डेटा अडकणार नाही. मग दहा मिनिटांचा टेस्ट लावा. डिफॉल्टवर तो पूर्ण झाला, भाराखाली दोन्ही क्लॉक जुळले आणि व्हीआच्या नोंदी आल्या नाहीत, तर भावाचं बोला. डिफॉल्टवर नेऊ द्यायला तो तयार नसेल तर दुसरा पीसी बघा.

घरी आणल्यावर बायोसमधले साठवलेले प्रोफाइलही पुसा. काही बोर्डांवर ते सीमॉस साफ केल्यावरही शिल्लक राहतात, आणि घरातल्या कुणीतरी सहज म्हणून एक निवडला की जुना ओव्हरक्लॉक परत बसतो.